पॅलिओ आहार खरंच नैसर्गिक आहे का?

शेवंती (रविवार, सकाळी 11:05)

आमच्या घरात सध्या जेवताना एकच विषय असतो. धाकट्या दिरांनी पॅलिओ, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खाणं, सुरू केलंय. पोळी, भाकरी, भात, वरण, उसळी, दूध-दही, साखर, अगदी शेंगदाणेसुद्धा बंद. अंडी, चिकन, मासे, भाज्या, फळं, बदाम-अक्रोड आणि खोबरेल तेल एवढंच चालतं. वजन उतरलंय, पोटाचा घेर कमी झालाय, आणि घरात सगळ्यांनाच त्याचा आनंद आहे. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

माझा वाद त्यांच्या एका वाक्याशी आहे. "वहिनी, हे नैसर्गिक खाणं आहे. माणूस लाखो वर्षं हेच खात आला, शेती तर काल-परवाची." मी यावर बरंच वाचलं आणि मला हे पटत नाही.

त्यांच्या ताटात काय असतं ते बघा. फ्लॉवर, ब्रोकोली, कोबी आणि नवलकोल हे सगळे युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावर उगवणाऱ्या एकाच रानटी झाडापासून शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करत घडवलेले प्रकार आहेत. कुठे पानं वाढवली, कुठे दांडा फुगवला, कुठे फुलोरा. अश्मयुगात यातलं एकही नव्हतं. रानटी बदाम कडू असतो, चावला की त्यातून सायनाइड तयार होतं. आपण खातो तो गोड बदाम माणसाने वेचून, लावून वाढवलेला आहे. टोमॅटो, मिरची, पेरू, रताळं हे तर पोर्तुगीज येईपर्यंत आपल्याकडे कुणाला ठाऊकच नव्हतं.

आणि चिकन! कॅनडातल्या संशोधकांनी जुन्या-नव्या जातींची पिल्लं एकच खाद्य घालून वाढवली होती. 56 दिवसांत 1957 सालच्या जातीची कोंबडी सरासरी 905 ग्रॅम भरली आणि 2005 सालच्या जातीची 4202 ग्रॅम. आज बाजारात मिळतो तो ब्रॉयलर या दुसऱ्या वंशातला. शिवाय त्याचं खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. मका धान्य, सोयाबीन कडधान्य. पॅलिओत दोन्ही वर्ज्य, मग कोंबडीच्या वाटेने आलेलं कसं चालतं?

मग ज्वारीची भाकरी तेवढी अनैसर्गिक कशी ठरते? वजन उतरतं की नाही यावर आधीच पुष्कळ धागे आहेत, इथे ती चर्चा नको. 'नैसर्गिक' या दाव्यात तथ्य किती, तेवढंच बोलूया.

सह्यकडा (रविवार, दुपारी 1:30)

शेवंतीताई, मी स्वतः पॅलिओ करतो, त्यामुळे बाजू मांडायला हवी.

1985 मध्ये बॉयड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख लिहिला, तिथून या विचाराला शास्त्रीय वजन आलं. त्यांचा मुद्दा असा की माणसाचं शरीर शिकारी-संकलक (शिकार करून, रानातलं वेचून खाण्याच्या) जीवनात घडलं, खाणं मात्र फार झपाट्याने बदललं आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार त्या तफावतीतून वाढले. अश्मयुगातली ब्रोकोली शोधून खा असं कुणीच म्हणत नाही. त्या खाण्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, एवढंच म्हणणं आहे. साखर नाही, मैदा नाही, रिफाइंड तेल नाही, पाकिटातलं काही नाही. शेतात पिकलेला का असेना, पण फ्लॉवर हा फ्लॉवरसारखा दिसतो. बिस्किट कशासारखं दिसतं?

आणि पुरावा म्हणाल तर स्वीडनमध्ये स्टाफान लिंडेबर्ग यांनी 2007 मध्ये हृदयविकार आणि वाढलेली साखर असलेल्या 29 पुरुषांवर 12 आठवडे प्रयोग केला. अर्ध्यांना पॅलिओ, अर्ध्यांना भूमध्यसागरी पद्धतीचा आहार. साखर सहन करण्याची क्षमता पॅलिओ गटात जास्त सुधारली. माझी स्वतःची साखर आटोक्यात आली ती यामुळेच. ज्या खाण्याने शरीर पूर्वपदावर येतं ते शरीराला नैसर्गिक नाही, तर मग काय आहे?

कोरडवाहू (रविवार, दुपारी 3:10)

सह्यकडा, तुम्हाला गुण आला, चांगली गोष्ट आहे. पण साखर, मैदा आणि रिफाइंड तेल यांच्याच ओळीत ज्वारी-बाजरी-हरभऱ्याला उभं करता, ते मला सोसत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पेरली की परतीच्या पावसाच्या ओलीवर ती निघते. पाणी द्यावं लागत नाही, कणीस माणसाला, कडबा जनावराला. आमच्या आज्याने आयुष्यभर भाकरी, पिठलं, कांदा खाल्ला. तुम्ही म्हणता ते आजार मैद्याने आणि साखरेने आणले, त्याची शिक्षा ज्वारीला का?

दगडी_हत्यार (रविवार, रात्री 9:50)

पुरातत्त्व हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुराश्मयुग म्हणजे 25-26 लाख वर्षांहूनही जुन्या काळापासून साधारण 12 हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा पट्टा. आफ्रिकेचं गवताळ रान, युरोपातला हिमयुगी गारठा, आपलं दख्खन, आग्नेय आशियातली जंगलं, एवढ्या सगळ्यात मिळून 'एक' अश्मयुगीन आहार असणं शक्यच नाही. उत्तर ध्रुवाजवळचे इनुइट जवळजवळ सगळं अन्न मासे आणि प्राण्यांपासून मिळवत आले. टांझानियातले हाड्झा कंद, बोरं, बाओबाबची फळं, मांस आणि भरपूर मध खातात. दोघेही शिकारी-संकलकच.

दुसरं, हाडं टिकतात आणि पाला-कंद कुजून जातात. त्यामुळे उत्खननात मांसाहाराच्या खुणा पटकन सापडतात आणि वनस्पतींच्या हुकतात. आता सूक्ष्मदर्शकाखाली दगडावरचे स्टार्चचे कण ओळखता येतात, तेव्हापासून चित्र बरंच पालटलंय. इटलीत बिलान्चिनो इथे 30 हजार वर्षांपूर्वीच्या दळायच्या दगडांवर पाणकणसाच्या पिठाचे कण मिळाले. इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराकाठी ओहालो इथे 23 हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे. तिथे रानटी गहू आणि सातूचे दाणे मिळाले, ते दळायचा दगडही मिळाला. जॉर्डनमध्ये शुबायका इथे 14,400 वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडले. तिथे शेती सुरू व्हायला अजून काही हजार वर्षं अवकाश होता. म्हणजे आधी शेती आणि मग भाकरी हा क्रमच खरा नाही. भाकरी आधी आली.

डाळीचंही तेच. इराकमधल्या शानिदार गुहेत सुमारे 70 हजार वर्षांपूर्वीचे, निअँडरथल (माणसाची एक नामशेष जात) राहत होते त्या थरातले जळके अन्नाचे तुकडे 2022 मध्ये अभ्यासले गेले. त्यात रानटी कडधान्यं होती, आणि ती भिजवून, कुटून शिजवल्याच्या खुणा आहेत. कडधान्यांच्या सालातला कडवटपणा भिजवल्याने जातो, हे तेव्हाही कुणाला तरी कळलं होतं.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर चाळीसगावजवळचं पाटणे घ्या. तिथे साधारण 25 हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याची नक्षी कोरलेली कवचं मिळाली आहेत, मणीही मिळाले आहेत. तेव्हा खानदेशात शहामृग होते! ज्या रानात ती माणसं खात-पीत होती ते रानच आता नाही. त्यांच्या ताटाच्या 'जवळ' जायचं तर कुठे जायचं?

आणखी एक, शरीर काही अश्मयुगात थांबून राहिलेलं नाही. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता गेल्या दहा हजार वर्षांत, गुरं पाळणाऱ्या लोकांमध्ये पसरली. लाळेतलं स्टार्च पचवणारं एंझाइम ज्या जनुकापासून बनतं त्याच्या प्रती माणसामाणसात कमी-जास्त असतात. स्टार्च जास्त खात आलेल्या समाजांमध्ये त्या सरासरीने जास्त आढळतात, हे 2007 मध्ये दाखवलं गेलं.

शेवंती (रविवार, रात्री 10:25)

भाकरी शेतीच्या आधीची, हे मला अजिबात माहीत नव्हतं! हे मी उद्याच घरी वाचून दाखवणार.

न्यूजर्सीकर (सोमवार, पहाटे 4:40)

इथे अमेरिकेत पॅलिओची बाजारपेठ फार मोठी आहे, त्यामुळे एक निरीक्षण. माझ्या समोर आत्ता 'पॅलिओ' असं ठळक लिहिलेलं पिझ्झाबेसचं पाकीट आहे. घटकांत बदामाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, अंडी, ऑलिव्ह तेल, झँथन गम. टॅपिओका स्टार्च म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढून, धुऊन, वाळवून उरलेली निव्वळ खळ. त्याच खळीपासून आपला साबुदाणा बनतो. चोथा नाही, प्रथिनं जवळजवळ नाहीत. तो चालतो, कारण कसावा धान्य नाही. आणि मूठभर मूग भिजवून, मोड आणून केलेली उसळ चालत नाही, कारण मूग कडधान्य आहे. यादीप्रमाणे खाल्लं की असं होतं. वनस्पतीचं कुळ बघितलं जातं, तिचं पुढे काय केलं ते बघितलं जात नाही.

आपल्याकडे तामिळनाडूतही फेसबुक गटांमधून पॅलिओ खूप पसरला. तिथल्या शाकाहारी मंडळींसाठी सकाळी शंभर बदाम, जेवायला पनीर आणि तूप असा बेत ठरला. भारतात येणाऱ्या बदामांपैकी बहुतेक कॅलिफोर्नियाचे, पनीर तर दुधाचं. यात अश्मयुगाचं नेमकं काय उरलं?

सह्यकडा (सोमवार, सकाळी 8:15)

पाकिटातला पॅलिओ पिझ्झा मीही मानत नाही. तो धंदा आहे, आहार नव्हे. तामिळनाडूतला प्रकार कमी कर्बोदकांचा आहार आहे, त्याला पॅलिओ हे नाव चिकटलं.

पण धान्य-कडधान्याविरुद्ध माझा आक्षेप इतिहासाचा नाही. त्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, फायटेट नावाचं द्रव्य असतं, जे लोह आणि जस्त यांचं शोषण कमी करतं. वनस्पती स्वतःचं बी वाचवायला लेक्टिनसारखी रसायनं तयार करतात. मांस, मासे, फळं यांत हा त्रास नाही. कच्चा राजमा खाऊन बघा, कळेल.

करंज (सोमवार, दुपारी 12:40)

सह्यकडा दादा, या मुद्द्यावर मला मनापासून लिहायचं आहे. माझं काम रायगड जिल्ह्यात कातकरी वाड्यांवर असतं. रानातून आणून खाणं म्हणजे काय, ते मी तिथे शिकले.

पहिल्या पावसाच्या सुमाराला शेवळं ही रानभाजी येते. शेवळाच्या आतल्या दांड्यावर पिवळा भाग असतो, तो आधी काढून टाकायचा. राहिला तर घसा आणि जीभ अशी खाजते की जेवण बाजूला राहतं. मग बारीक चिरून काकडांबरोबर (ही आंबट रानफळं) शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच किंवा कोकम, पण आंबट हवंच. बांबूचे कोवळे कोंब चिरून पाण्यात ठेवायचे आणि ते पाणी फेकायचं, कारण कोंबांतही सायनाइड देणारं द्रव्य असतं.

आणि कडू करांदे. हा वेलीवर लटकणारा कंद, बटाट्यासारखा, खरखरीत तपकिरी सालीचा. तसाच उकडून तोंडात घातला तर थुंकावा लागेल इतका कडू. वाडीवरच्या एका आजींनी मला करून दाखवलं. चुलीतली राख घालून तो उकडला, साल काढली, पातळ काप केले, ते टोपलीत घातले आणि टोपली ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडांच्या आधाराने रात्रभर ठेवून दिली. सकाळी एक काप स्वतः चाखला, मान हलवली, टोपली परत पाण्यात. दुसऱ्यांदा चाखल्यावरच तो घरात आला. ओढा कुठे वाहता आहे, राख किती घालायची, काप किती पातळ, हे सगळं ज्ञान त्यांच्या हातात आहे.

सांगायचं असं की रानातलं अन्न निरुपद्रवी नसतं. वनस्पती बी वाचवतात, तसाच कंदही वाचवतात, पालाही वाचवतात. शेतातलं धान्य त्यामानाने कितीतरी सौम्य आहे, कारण हजारो वर्षं माणसाने कडू-खाजरं वगळत वगळत गोड तेवढं पेरलं. राजम्यातलं लेक्टिन नीट खदखदून उकळलं की नष्ट होतं, भिजवल्याने आणि मोड आणल्याने फायटेट कमी होतं. मटकीला मोड आणणारी बाई आणि करांदे ओढ्यात ठेवणारी आजी, दोघी एकच काम करतात. रानावर जगणाऱ्या माणसाचं खाणं हे मुळात या खटपटीवर उभं आहे. ती वगळून जो 'नैसर्गिक' आहार सांगितला जातो, तो मला रान न पाहिलेल्या माणसाने कल्पिलेला वाटतो.

ताईंच्या मूळ प्रश्नाला आणखी एक पुस्ती. सह्याद्रीत कड्यांवर कवदर उगवते, रानकेळ. तिचं फळ फोडून बघा, आत टणक काळ्या बियाच बिया, गर नावाला. बाजारातल्या केळ्याच्या गोडीची रानातल्या कुठल्याच माणसाला रोजची सवय नव्हती.

दगडी_हत्यार (सोमवार, दुपारी 1:05)

करंजताई, हा प्रतिसाद जपून ठेवला. शानिदारच्या गुहेत जे झालं असेल ते तुम्ही ओढ्यावर पाहिलंत.

मनवा (सोमवार, रात्री 9:00)

आपल्याकडे ऋषिपंचमी आहे, तिचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही! बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. आमच्या आईकडे त्या दिवशी नांगराखालचं काही घरात शिजत नसे. अळू, सुरण, माठ, भोपळा, पडवळ, चवळीच्या शेंगा, कणसं, सगळं एकत्र, तेलाशिवाय शिजवलेलं, आणि सोबत देवभात. नांगराआधीच्या खाण्याची आठवण आपण वर्षातून एक दिवस जपतो, असं मला वाटतं. आणि त्या ताटातही तांदूळ असतो, फक्त आपोआप उगवलेला. दाणा खायचा नाही असा नियम तिथेही नाही.

कोरडवाहू (सोमवार, रात्री 9:35)

मनवाताई, फार चांगली आठवण दिलीत. त्या भाजीतला मका आणि लाल भोपळा अमेरिकेतून आलेले, तरी आपण ते आपले मानले. ज्वारी-बाजरीही आफ्रिकेतून आल्या, पण हजारो वर्षांपूर्वी. आमच्या रानात त्या आता उपऱ्या नाहीत.

सातारकरीण (मंगळवार, सकाळी 7:30)

मी आहारतज्ज्ञ म्हणून रोज रुग्ण बघते. धागा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पॅलिओने लोकांना बरं वाटतं हे मी रोज पाहते, सह्यकडांचं म्हणणं त्यामुळे मी खोडत नाही. मात्र कशामुळे बरं वाटतं हे नीट पाहायला हवं. ब्राझीलमधले कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 पासून अन्नाची नोव्हा नावाची वर्गवारी मांडली. तिच्यात अन्न धान्य आहे की मांस, हे पाहत नाहीत. त्यावर प्रक्रिया कशी आणि कशासाठी झाली, हे पाहतात. दळणं, आंबवणं, वाळवणं, शिजवणं वेगळं आणि कारखान्यात अन्नाचे घटक सुटे करून, रंग-स्वाद घालून पुन्हा जोडणं वेगळं. 2019 मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना संस्थेतच ठेवून प्रयोग केला. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न, दोन आठवडे साधं घरगुती धर्तीचं. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत उष्मांक, साखर, चरबी, चोथा सारखाच ठेवला होता आणि हवं तेवढं खाण्याची मुभा होती. पाकिटाच्या अन्नावर लोक दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते आणि वजन सरासरी 900 ग्रॅमने वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं.

पॅलिओ करणारा माणूस बिस्किटं, फरसाण, सॉस, गोड दही, शीतपेयं हे सगळं एका झटक्यात सोडतो. माझ्या मते मुख्य गुण तिथेच येतो. सह्यकडांनी ज्या लिंडेबर्गांचा दाखला दिला, त्यांनीच आधी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर काम केलं होतं. तिथले लोक रताळी, सुरणासारखे कंद, अळकुड्या, फळं, नारळ आणि मासे खात. ऊर्जेचा सुमारे 70 टक्के वाटा कर्बोदकांचा, आणि तरी तिथे पक्षाघात, हृदयविकार जवळजवळ दिसले नाहीत.

सह्यकडा (मंगळवार, सकाळी 9:20)

किटावाचा अभ्यास मला माहीत आहे. ते लोक धान्य खात नव्हते, हेही तितकंच खरं. करंजताईंचं लिखाण वाचून 'नैसर्गिक' हा शब्द मी आता जपून वापरीन, पण धान्य सोडल्याने मला झालेला फायदा मी नाकारणार नाही. माझी साखर भाकरीनेही चढत होती, मीटर लावून पाहिलंय.

सातारकरीण (मंगळवार, सकाळी 10:00)

चढणारच. मधुमेहात कुठल्याही स्टार्चने चढते. रताळ्याने चढते, पॅलिओ पिझ्झातल्या टॅपिओकानेही चढते. तुमच्या बाबतीत भाकरी कमी करणं हा उपचाराचा भाग झाला. ते अगदी योग्य आहे. तेवढ्यावरून धान्य मानवजातीलाच परकं आहे असं होत नाही, माझा मतभेद फक्त तिथे आहे.

शेवंती (मंगळवार, दुपारी 2:15)

सगळ्यांचे मनापासून आभार. सातारकरीणताई, एक विचारायचं राहिलं. दीर गेली काही वर्षं मधुमेहाची गोळी घेतात. पॅलिओ सुरू करताना डॉक्टरांना सांगितलं नाही, 'नैसर्गिक आहे, त्याला कशाला विचारायचं' म्हणाले. हल्ली दुपारी त्यांना घाम फुटतो आणि हात थरथरतात. याचा आहाराशी संबंध असेल का?

सातारकरीण (मंगळवार, दुपारी 2:40)

शेवंतीताई, त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या, गोळीचं नाव आणि सध्याचं खाणं दोन्ही सांगा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तुम्ही सांगताय ती लक्षणं तशीच वाटतात. डोस बदलावा लागेल, पण तो डॉक्टरांनीच बदलायचा, स्वतः गोळी बंद करू देऊ नका. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली गोळी असेल तर ते मुद्दाम सांगा. कर्बोदकं फार कमी असताना त्या गोळ्यांनी साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं.

तोवर घरात ग्लुकोमीटर ठेवा. घाम, थरथर जाणवली की लगेच साखर मोजा. 70 च्या खाली असेल, किंवा मोजायला मीटर हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लानी आली, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. त्या वेळी ते पॅलिओत बसत नाही म्हणून साखर नको म्हणाले तरी ऐकू नका.